कूलरची घरघर, शांत हेडफोन आणि आपले कान

नागपुरात उन्हाळ्याची चाहूल दोन गोष्टींनी लागते. एक म्हणजे चढणारा पारा आणि दुसरी म्हणजे घराघरांतून सुरू होणारी कूलरची घरघर. होळी आटोपली की कूलर धुऊन-पुसून निघतात, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या बदलल्या जातात. मग नवतपा सरून पावसाची पहिली सर येईपर्यंत ही घरघर दिवसरात्र सोबतीला असते. नेमके हेच दिवस प्रवेश परीक्षांचे. कूलरसमोर बसून, कानाला हेडफोन लावून मोबाईलवर तासन् तास व्याख्याने ऐकणारी मुले आज विदर्भातल्या घराघरांत दिसतात. घरघरीत शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून आवाज एक घर वाढवला जातो, मग आणखी एक घर.

अलीकडे बाहेरचा गोंगाट 'रद्द' करणारे बिनतारी हेडफोन मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आले आहेत. साहजिकच पालक विज्ञानाच्या शिक्षकांना विचारतात, "सर, हे घ्यावेत का? यातला चांगला कसा ओळखायचा? कानांना अपाय तर नाही ना?" हे तिन्ही प्रश्न भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ध्वनीच्या प्रकरणाशी थेट जोडलेले आहेत. ते प्रकरण हाताशी धरूनच त्यांची उत्तरे शोधण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

आवाजाने आवाज कसा मारायचा?

ध्वनी म्हणजे हवेतील दाबाची लाट. जेथे हवा दाटते तेथे संपीडन आणि जेथे ती विरळ होते तेथे विरलन. एकाच ठिकाणी दोन लाटा आल्या तर त्या ठिकाणचा दाब म्हणजे दोन्ही लाटांच्या दाबांची बेरीज. यालाच आपण अध्यारोपण म्हणतो. एका लाटेचे संपीडन आणि दुसरीचे विरलन नेमके एकाच क्षणी आले आणि दोन्हींचा आयाम सारखा असला, तर बेरीज शून्य होते. हे विनाशी व्यतिकरण. हवेचा दाब बदललाच नाही तर कानाचा पडदा हलणार नाही आणि आवाजही ऐकू येणार नाही.

वर्गात हे दाखवायला एक लांब दोरी पुरते. दोन विद्यार्थ्यांनी दोरीची दोन टोके धरावीत. एकाने दोरीला वर झटका द्यावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी तेवढ्याच जोराने खाली. दोन उंचवटे मध्यावर भेटतात तेव्हा क्षणभर दोरी जवळजवळ सपाट होते.

ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने १९३३ साली तिच्यावर पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. नळीतून येणारा ध्वनी मायक्रोफोनने पकडायचा, त्याची उलटी प्रतिकृती तयार करायची आणि ती पुढे ध्वनिक्षेपकातून सोडायची, अशी त्याची योजना होती. मात्र हे काम चटकन करू शकतील अशी इलेक्ट्रॉनिक मंडले तेव्हा नव्हती. १९५३ मध्ये हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी अमेरिकेत अशाच तत्त्वावरचे 'इलेक्ट्रॉनिक ध्वनिशोषक' करून पाहिले.

हेडफोनच्या कथेत एका भारतीय वंशाच्या अभियंत्याचे नाव महत्त्वाचे आहे. अमर बोस यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक. ब्रिटिश सरकारच्या कारवाईमुळे ते अमेरिकेत गेले. अमर बोस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्राध्यापक होते. १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला जाताना विमानात त्यांनी संगीतासाठी हेडफोन लावले, पण विमानाच्या घरघरीत संगीत बुडून गेले. त्या प्रवासातच त्यांनी गोंगाट रद्द करणाऱ्या हेडफोनची आकडेमोड कागदावर मांडायला सुरुवात केली. त्यातून १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा संच बाजारात आला आणि २००० मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा. म्हणजे कल्पनेपासून आपल्या कानापर्यंत यायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

हेडफोनच्या आत काय चालते?

या हेडफोनमध्ये गोंगाटाशी दोन आघाड्यांवर सामना होतो. पहिली आघाडी साधी आहे. कानाभोवती नीट बसणारी मऊ गादी आणि प्लास्टिकची वाटी बाहेरच्या ध्वनीला अडवतात. उच्च कंप्रतेचे (वारंवारतेचे) तीक्ष्ण आवाज अशा अडथळ्याने चांगले थोपतात. मंद, घुमणारे आवाज मात्र वाटीला न जुमानता आत शिरतात. शेजारच्या घरातले गाणे भिंतीपलीकडून ऐकताना शब्द कळत नाहीत, पण ढोलकाचा ठेका ऐकू येतो, तसाच हा प्रकार.

या मंद आवाजांसाठी दुसरी आघाडी. वाटीच्या बाहेर एक छोटा मायक्रोफोन असतो. तो येणारा गोंगाट आधीच टिपतो. चांगल्या हेडफोनात वाटीच्या आतही एक मायक्रोफोन असतो. तो कानाजवळ प्रत्यक्षात काय उरले ते ऐकून चूक सुधारतो. मधली इलेक्ट्रॉनिक चकती गोंगाटाची उलटी लाट तयार करते आणि हेडफोनचा पडदा ती लाट तुमच्या व्याख्यानाबरोबर किंवा गाण्याबरोबरच वाजवतो. चांगल्या हेडफोनात मंद घरघर अशा रीतीने २० ते ३० डेसिबलने कमी होऊ शकते.

येथे एक शंका विद्यार्थी हमखास विचारतात. आवाज नाहीसा झाला तर त्याची ऊर्जा गेली कुठे? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला काय? नियम मोडलेला नाही. बाहेरून संपीडन आत येते त्याच क्षणी हेडफोनचा पडदा मागे सरकतो आणि दाटू पाहणाऱ्या हवेला जागा करून देतो. विरलन येते तेव्हा तो पुढे सरकतो. म्हणजे हवेचे कार्य पडद्यावर होते, कानाच्या पडद्यावर होत नाही. खोलीतल्या दोन ध्वनिक्षेपकांच्या बाबतीत एका जागी आवाज कमी झाला तर दुसऱ्या जागी तो वाढतो आणि एकूण हिशेब जुळतो.

दुसरी शंका पालकांची असते. गोंगाटावर आणखी एक आवाज सोडला, तर कानावर दुप्पट मारा होत नाही काय? होत नाही. कानाच्या पडद्याला दोन लाटा वेगवेगळ्या कळत नाहीत. त्याला कळते ती त्यांची बेरीज आणि ती तर कमी झालेली असते.

कूलर जातो, हॉर्न राहतो

"सगळा आवाज बंद" असे जाहिरातीत सांगतात. प्रत्यक्षात कूलरची घरघर विरते, पण आईची हाक आणि रस्त्यावरचा हॉर्न मात्र उरतो. असे का, हे एका छोट्या गणिताने समजते.

समजा, उलटी लाट तयार होऊन कानाशी पोचायला तिला एक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा उशीर झाला. नागपूरच्या ४५ अंश सेल्सिअसच्या दुपारी ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५८ मीटर असतो. म्हणजे एवढ्या वेळात ध्वनी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर जातो. हा उशीर क्षुल्लक वाटतो. पण तो क्षुल्लक आहे की नाही हे लाटेच्या लांबीवर अवलंबून आहे.

कूलरचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो आणि त्याला चार पाती आहेत असे धरू. सेकंदाला २० फेरे, गुणिले चार पाती, म्हणजे ८० हर्ट्झचा मुख्य घुमारा. या लाटेची लांबी सुमारे साडेचार मीटर. तिच्यापुढे साडेतीन सेंटीमीटरची चूक म्हणजे एका पूर्ण आवर्तनाचा १२५ वा भाग, सुमारे ३ अंश. उरलेल्या लाटेचा आयाम काढण्याचे सूत्र सोपे आहे : दोनाला चुकीच्या निम्म्या कोनाच्या साइनने गुणायचे. येथे उत्तर येते ०.०५. म्हणजे घरघरीचा आयाम विसाव्या हिश्श्यावर आला.

आता कंप्रता वाढवू. १००० हर्ट्झला हीच चूक ३६ अंशांची होते आणि ०.६२ एवढा आयाम उरतो. सुमारे १६७० हर्ट्झला ती ६० अंश होते आणि उत्तर येते १, म्हणजे फायदा शून्य. ३००० हर्ट्झला चूक १०८ अंश होते आणि उत्तर १.६. म्हणजे आवाज कमी होण्याऐवजी वाढला! म्हणूनच उच्च कंप्रतेला ही युक्ती हेडफोन वापरतच नाहीत. तेथे गादीवरच भिस्त असते. वरचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक हेडफोनमधला उशीर वेगळा असतो, पण तत्त्व हेच.

आणखी एक मुद्दा अंदाजाचा. पंख्याचा आवाज क्षणाक्षणाला तोच असतो, म्हणून पुढची लाट कशी असेल याचा अंदाज मंडलाला नीट बांधता येतो. टाळी, कुकरची शिट्टी, दार आपटणे हे आवाज अचानक येतात. माणसाच्या बोलण्यात स्वरांचा घुमारा मंद असला तरी 'स', 'च', 'ट' यांसारखी व्यंजने हजार-दोन हजार हर्ट्झच्या वर असतात. म्हणून बोलणे दबते, पण पुसले जात नाही.

यातून रस्त्यावरच्या धोक्याचा नेमका उलगडा होतो. मागून येणाऱ्या बसची किंवा ट्रकची चाहूल आपल्याला तिच्या इंजिनाच्या मंद घरघरीने लागते. हे हेडफोन नेमकी तीच चाहूल पुसतात. हॉर्नचा कर्कशपणा गादीमुळे बोथट होतो. तेव्हा व्हरायटी चौक ओलांडताना, सायकलवर, दुचाकीवर किंवा रेल्वे रुळांजवळ हे हेडफोन कानावर नसावेत. बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेण्याची सोय काही हेडफोनांत असते, पण तीही उघड्या कानाची जागा घेऊ शकत नाही. सीताबर्डी ते खापरी मेट्रोत बसून ऐकायला हरकत नाही, फक्त आपले स्थानक चुकू नये!

बिनतारीपणाची किंमत

तार गेली की तिच्या जागी रेडिओलहरी येतात. ब्लूटूथ पद्धत २४० कोटी हर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरते. वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करतात. टक्कर टाळण्यासाठी ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलू शकते. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपले शरीर बहुतांशी पाणीच आहे. फोन मागच्या खिशात ठेवला की कधी कधी गाणे तुटक येते ते यामुळे.

दुसरी किंमत विलंबाची. ध्वनी आकड्यांत बदलून, दाबून, पाठवून पुन्हा उलगडायला बिनतारी हेडफोनात बरेचदा एक-दोन दशांश सेकंद लागतात. चित्रपट पाहताना फोन चित्रही तेवढेच मागे ठेवतो, म्हणून ते जाणवत नाही. पण मोबाईलवरच्या लेहऱ्याबरोबर तबल्याचा रियाज करणाऱ्याला ते नक्की जाणवते. दोन दशांश सेकंदांत ध्वनी सुमारे ७० मीटर जातो. म्हणजे लेहरा धरणारा साथीदार मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बसला आहे असे समजा! रियाजासाठी आणि ऑनलाइन गायनाच्या वर्गासाठी तारेचे हेडफोनच बरे.

तिसरी गोष्ट उष्णतेची. यातील लिथियम-आयन घटाला उष्णता मानवत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हेडफोन ठेवू नयेत आणि तापलेले असताना चार्ज करू नयेत. घामाने गाद्या चिवट होतात, भेगाळतात आणि हवा निसटू लागते. हवा निसटली की खर्जाचे स्वर हरवतात आणि गोंगाटही आत येतो. चष्म्याच्या काड्यांमुळेही असेच घडते. त्यामुळे चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट हेडफोन घालून पाहावेत.

खरेदीच्या वेळी खोक्यावरची अक्षरे नीट वाचावीत. ए.एन.सी. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाशी होणारे गोंगाट-निर्मूलन. काही स्वस्त संचांवर ई.एन.सी. असे लिहिलेले असते. ते फोनवर बोलताना आपल्या मायक्रोफोनमधला गोंगाट कमी करते. त्याचा लाभ पलीकडच्या माणसाला होतो. कूलरसमोर बसलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही.

आवाजाची प्रत कशी पारखावी?

शांतता आणि सुस्वरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंगाट उत्तम थोपवणारा हेडफोन संगीतात सामान्य असू शकतो आणि उलटही. म्हणून दोन्हींची परीक्षा वेगवेगळी घ्यावी.

खोक्यावरचे आकडे येथे फारसे कामाचे नाहीत. अमर बोस यांनीच १९५६ मध्ये तांत्रिक माहिती वाचून एक उत्तम समजला जाणारा स्टिरिओ संच विकत घेतला होता आणि त्याच्या आवाजाने त्यांची निराशा झाली. आकडे चांगले असून कानाला का पटत नाही, या प्रश्नातून त्यांचे पुढचे संशोधन सुरू झाले. आजही '४०,००० हर्ट्झपर्यंत' अशी फुशारकी खोक्यावर असते. माणसाचा तरुण कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. न ऐकू येणाऱ्या स्वरांसाठी पैसे कशाला मोजायचे?

मग कसोटी कोणती? आपल्या ओळखीचे वाद्य. आम्ही तंबोरा सुचवतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन अर्थखात्यात नोकरीला असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरातही होते. पुढे १९२० आणि १९२१ मध्ये त्यांनी तबला-मृदंग आणि तंबोरा-वीणा यांच्या ध्वनीवर संशोधन प्रसिद्ध केले. तंबोऱ्याची तार रुंद, वक्र घोडीवरून जाते, त्यामुळे तिच्यातून अनेक उपस्वर उमटतात. तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे तिचे उपस्वर सुरेल गुणोत्तरात येतात. हे रामन यांनी दाखवून दिले.

चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून गायकांना स्वयंभू गांधार ऐकू येतो. कोणतीही तार गांधाराला लावलेली नसते, तरी तो येतो. खर्जाची तार सेकंदाला ७० कंपने घेत असेल तर तिचा पाचवा उपस्वर ३५० हर्ट्झचा, तोच हा गांधार. शांत खोलीत हेडफोनमधून तंबोरा ऐकावा. खर्ज भरीव आहे काय? गांधार स्वच्छ उमटतो काय? जवारीची झिणझिण रेशमी वाटते की कानाला टोचते? मग तबला ऐकावा. डग्ग्याचा घुमारा चाटीच्या टणकारावर सांडत तर नाही ना? शेवटी ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे ऐकावे. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतो, त्यामुळे त्यातली विकृती कानाला पटकन खटकते. हीच परीक्षा गोंगाट-निर्मूलन चालू आणि बंद ठेवून पुन्हा करावी, कारण काही हेडफोनांचा स्वर दोन्ही वेळा सारखा नसतो.

तुलना करताना दोन सापळे टाळायचे. पहिला सापळा मोठ्या आवाजाचा. दोन हेडफोनांपैकी जो किंचितही मोठा वाजतो तो आपल्याला सरस वाटतो. म्हणून आधी एखादा स्थिर स्वर दोन्हींतून आलटून पालटून ऐकून त्यांचे आवाज सारखे करून घ्यावेत. दुसरा सापळा नावाचा आणि किमतीचा. महाग वस्तू आधीच मनात चांगली वाजू लागते. त्यावर उपाय म्हणजे डोळे मिटून परीक्षा. हेडफोन दुसऱ्याने घालावेत. वजनावरून थोडी ओळख पटेल, पण किंमत तरी झाकलेली राहील.

हाच प्रयोग वर्गात अधिक काटेकोर करता येतो. एकच गाणे कमी आणि जास्त आकडेवारीच्या दोन फाइलींत घ्यावे, उदाहरणार्थ सेकंदाला १२८ आणि ३२० हजार बिट. नाणेफेक करून त्यातली एक वाजवावी आणि विद्यार्थ्याने ती ओळखावी. असे दहा वेळा करावे. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा वेळा बरोबर येण्याची संभाव्यता ११ भागिले १०२४, म्हणजे सुमारे एक टक्का. सहा-सात वेळा बरोबर येणे मात्र नशिबानेही सहज घडते. "मला फरक कळतो" या वाक्याची तपासणी कशी करायची याचा हा सुंदर धडा आहे.

खरा लाभ : आवाज खाली आणता येतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे हेडफोन घ्यावेत काय? आमच्या मते त्यांचा सर्वांत मोठा लाभ संगीताचा नाही, कानांच्या रक्षणाचा आहे. पण तो आपोआप मिळत नाही.

मंद गोंगाट आपल्या वरच्या कंप्रतेचे आवाजही झाकोळतो. म्हणून कूलरच्या घरघरीत व्यंजने हरवतात आणि आवाज वाढवावा लागतो. समजा, खोलीत कूलरचा आवाज ६५ डेसिबल आहे. त्यात व्याख्यान स्वच्छ कळण्यासाठी मूल ते ८० डेसिबलवर ऐकते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. रोज सहा तास अभ्यास धरला तर आठवड्याचे ४२ तास होतात. म्हणजे मर्यादा ओलांडली. त्यात दर ३ डेसिबल वाढीला मुदत निम्मी होते : ८३ डेसिबलला २० तास, ८६ डेसिबलला १० तास.

आता गोंगाट-निर्मूलनाने तीच घरघर २० डेसिबलने खाली आली असे समजा. कानाशी ४५ डेसिबल उरले. मग तेच व्याख्यान ६० डेसिबलवर तितकेच स्पष्ट कळेल. २० डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची तीव्रता शंभरावा हिस्सा! आतल्या कानातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे हा शंभरावा हिस्सा फार मोलाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ वयोगटातील १०० कोटींहून अधिक तरुणांना असुरक्षित ऐकण्यामुळे श्रवणदोषाचा धोका आहे.

पण येथेच मेख आहे. हेडफोन नवा आला, घरघर गेली आणि तरीही सवयीने आवाज तेथेच ठेवला, तर कानांना लाभ शून्य. म्हणून मुलांना एकच नियम शिकवावा : गोंगाट-निर्मूलन चालू केले की आवाज लगेच खाली आणायचा, इतका की शब्द जेमतेम स्पष्ट कळतील. शिवाय तासाभराने कान मोकळे करावेत. ज्यांना हे हेडफोन परवडत नाहीत त्यांनीही निराश होऊ नये. कूलर खिडकीबाहेर नीट बसवणे, त्याच्या पायाखाली रबर घालणे, पंख्याच्या अक्षाला वेळेवर तेल देणे आणि अभ्यासाची जागा दूर घेणे यानेही घरघर बरीच उतरते.

शाळेत करून पाहावे

राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली नीरी, १९५८ पासून नागपुरात आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी राज्यातील २७ महानगरपालिका शहरांचे ध्वनिमापन नीरीने केले आहे. मोबाईलवर ध्वनी मोजण्यासाठी तिने 'नॉइज ट्रॅकर' हे अॅपही तयार केले. अशा कोणत्याही अॅपने वर्गात दोन प्रयोग करता येतील. मोबाईलचा आकडा प्रमाणित यंत्राएवढा अचूक नसतो, पण एकाच फोनवरच्या दोन मापनांतला फरक उपयोगी पडतो.

पहिला प्रयोग : दोन सारखे ध्वनिक्षेपक समोरासमोर, काही सेंटीमीटरवर ठेवून त्यांतून १०० हर्ट्झचा स्वर वाजवावा आणि आवाज मोजावा. मग फक्त एका ध्वनिक्षेपकाच्या दोन तारा उलट जोडून पुन्हा मोजावे. घुमारा एकदम पडेल. आता कंप्रता वाढवत न्यावी आणि फायदा कोठे संपतो ते पाहावे. मघाचे गणित डोळ्यांसमोर उभे राहील.

दुसरा प्रयोग : विद्यार्थ्यांनी घरी अभ्यासाच्या जागी कूलर बंद, मंद आणि जोरात असताना आवाज मोजून तक्ता करावा. प्रत्येक वेळी व्याख्यान समजण्यासाठी फोनचा आवाज किती घरांवर ठेवावा लागला तेही लिहावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी परिसरासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती घराबाहेरच्या परिसरासाठी असली तरी तिच्याशी घरातले आकडे ताडून पाहावेत. सगळ्या वर्गाचे तक्ते फळ्यावर एकत्र मांडले की आपल्या गावातील मुलांचे कान उन्हाळाभर किती आवाजात राहतात, याचे चित्र त्यांच्याच हातून तयार होईल. पालकसभेत ठेवण्यासारखी ही माहिती आहे.